मार्च ते जून पळणाऱ्यांसाठी: उष्णता, घाम, पाणी आणि थोडं हट्टाबद्दल

फेब्रुवारी संपत आला की आमच्या पुण्यातल्या रनिंग ग्रुपवर एकच प्रश्न वेगवेगळ्या लोकांकडून यायला लागतो. जानेवारीत मुंबईची हाफ नाहीतर फुल मॅरेथॉन मस्त झालेली असते, नंतरचा महिनाही छान जातो, आणि मग अचानक तोच युनिव्हर्सिटीतला रस्ता, तेच शूज, तोच पेस (किलोमीटरला लागणारा वेळ), पण हार्ट रेट पंधरा-वीसने वर आणि आठव्या-नवव्या किलोमीटरलाच पाय जड. "माझा फिटनेस गेला का गं?" "बी-१२ चेक करून घेऊ का?" बहुतेक वेळा यात काहीच बिघडलेलं नसतं. हवा बदललेली असते आणि शरीर तिच्याशी जुळवून घ्यायच्या मागे लागलेलं असतं, त्यात पळायला जी ताकद उरायची ती उरत नाही, इतकंच. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा यंदा एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाहीये, पण आमच्या रविवारच्या लाँग रनची व्यवस्था माझ्याकडे असते, त्यामुळे या विषयावर वाचणं आणि डॉक्टर मित्रमैत्रिणींचं डोकं खाणं हे माझं कायम चालू असतं.

आधी एक हिशोब बघा, कारण हा हिशोब कळला की पुढचं सगळं आपोआप कळतं. पळताना त्रास देणारी उष्णता मुख्यतः आपण स्वतःच तयार करतो. माणूस एक किलोमीटर पळला की वजनाच्या दर किलोमागे साधारण १ किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे ६५ किलोचा माणूस तासात १० किमी पळाला तर ६५० किलोकॅलरी. त्यातला जेमतेम २०-२५ टक्के भाग स्नायूंच्या खऱ्या कामाला लागतो आणि बाकीची सरळ उष्णता होते, म्हणजे तासाभरात ५०० किलोकॅलरी धरा. आता ६५ किलोच्या शरीराचं तापमान १ अंशाने वाढवायला साधारण ५४ किलोकॅलरी पुरतात. करा भागाकार. ही उष्णता बाहेर पडलीच नाही तर तासात ९ अंश! ३७ चे ४६! म्हणजे दर सहा-सात मिनिटांना एक अंश, आणि ४० च्या पुढे गेलं की माणूस धोक्यात. आपण तासन् तास पळून घरी येऊन पोहे खातो ते केवळ शरीर ही उष्णता सतत बाहेर फेकत असतं म्हणून.

जानेवारीतही आपण एवढीच उष्णता तयार करतो बरं का. फरक आहे तो बाहेर जायच्या वाटेचा. कातडीचं तापमान साधारण ३३-३४ अंश असतं. जानेवारीत पहाटे पुण्यात १०-१२ अंश असतात, म्हणजे कातडी आणि हवा यांच्यात वीसेक अंशांचा फरक, उष्णता आपोआप हवेत निघून जाते, घामाला फारसं काम उरत नाही. मे महिन्यात पहाटेच २३-२४ असतात. साडेआठपर्यंत तिशी ओलांडते आणि तो फरक जवळजवळ संपतो. दुपारी ३८-३९ ला तर हवाच कातडीपेक्षा गरम, त्यामुळे उष्णता उलटी आत यायला लागते, वर ऊन वेगळं, डांबराची धग वेगळी. आता सगळा भार एकट्या घामावर.

आणि घाम हे फार जबरदस्त यंत्र आहे, पण अट एकच, तो वाळला पाहिजे. १ लिटर घाम पूर्ण वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणजे कागदावर आपल्या त्या ६५ किलोच्या माणसाला तासाला एक लिटर घाम पुरायला हवा. पण टपटप खाली गळला तो घाम फुकट गेला, पाणी गेलं मीठ गेलं आणि थंडावा काहीच नाही. घरातल्या माठाचं बघा ना, एप्रिलच्या कोरड्या हवेत पुण्यात माठातलं पाणी कसं गारेगार होतं आणि तोच माठ मुंबईला नेला तर पाणी जरा बरं इतपतच राहतं, कारण तिथल्या दमट हवेत माठाचं पाझरलेलं पाणी नीट वाळत नाही. आपल्या कातडीचं अगदी तेच.

म्हणून पुण्याचा उन्हाळा मी दोन भागांत धरते. मार्च-एप्रिलचा कोरडा उन्हाळा फसवा असतो. घाम लगेच वाळतो त्यामुळे माणसाला वाटतं आपल्याला काही घामच आला नाही, आणि घरी येऊन बघावं तर काळ्या टोपीवर आणि टी-शर्टच्या पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा. दुसरा भाग मे मध्यापासून पुढे, वळिवाचे ढग जमायला लागले की. तेव्हा पारा एप्रिलपेक्षा खाली असतो, लोक खूश होतात की आज ढगाळ आहे, आज मारूया टेम्पो (म्हणजे सलग जोरातला रन), आणि नेमकं त्या दिवशी सगळ्यांची वाट लागते. सैन्यात आणि खेळांमध्ये उष्णता मोजायला जे वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर वापरतात ना, अमेरिकेत १९५० च्या दशकात सैनिकांच्या प्रशिक्षणासाठी तयार झालेलं, त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरच्या आकड्याला ७० टक्के वजन आहे, काळ्या गोळ्यातल्या म्हणजे उन्हाच्या आकड्याला २० टक्के आणि साध्या हवेच्या तापमानाला फक्त १० टक्के. आपण मोबाईलवर जो आकडा बघून ठरवतो त्याला फक्त १० टक्के! तेव्हा ॲपमध्ये तापमानाबरोबर आर्द्रता पण बघत जा प्लीज.

पहाटेबद्दल पण एक गोष्ट. तापमान सगळ्यात कमी सूर्योदयाच्या आसपास असतं आणि आर्द्रता सगळ्यात जास्त तेव्हाच. तरी पुण्यात पहाटच बरी, कारण ऊन नाही. मे महिन्यात सहाच्या सुमाराला सूर्य उगवतो, त्यामुळे दोन तासांचं पळायचं असेल तर पावणेपाच-पाचला सुरुवात झालीच पाहिजे, साडेसहाला जमून सेल्फी वगैरे काढून पावणेसातला निघणं म्हणजे रनचा महत्त्वाचा अर्धा भाग कडक उन्हात. रस्ता निवडताना झाडं बघा. तळजाई, वेताळ टेकडी, युनिव्हर्सिटीचा आतला भाग इथली माती आणि झाडी आणि बाणेर-बालेवाडीचे काँक्रीटचे रस्ते यांच्यात पहाटेसुद्धा फरक जाणवतो, कारण काँक्रीटने आदल्या दिवसाची धग रात्रभर धरून ठेवलेली असते. वाऱ्याचंही तसंच. वारा पाठीमागून आणि आपल्याच वेगाने असेल तर अंगाला हवा लागतच नाही, घाम नुसता ओघळत राहतो. त्यामुळे परतीला वारा समोरून येईल असा रस्ता धरावा, थकलेलो असताना तोच कामाला येतो.

आता हार्ट रेट का वाढतो ते. शरीरात रक्त साधारण ५ लिटर. पळताना पायांच्या स्नायूंना ते हवं असतं, आणि आतली उष्णता कातडीपर्यंत आणून सोडायची तर कातडीलाही तेच रक्त हवं असतं. दोघांची मागणी एकाच वेळी वाढते आणि रक्त तर तेवढंच, उलट घामाचं पाणी रक्तातूनच जातं म्हणून ते कमी कमी होत जातं. मग हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं रक्त कमी पडतं आणि ती भर हृदय ठोके वाढवून काढतं. एकसारख्या पेसने पळत राहिलात तरी पहिल्या अर्ध्या तासात १४५ असलेला हार्ट रेट दीड तासाने १६० होतो, त्याला कार्डियाक ड्रिफ्ट म्हणतात. घड्याळ बिघडलेलं नसतं. तेव्हा उन्हाळ्यात पेस धरून ठेवायचा हट्ट म्हणजे हृदयाला दर किलोमीटरला आणखी वर ढकलणं. माझं सरळ म्हणणं आहे, मार्च ते जून घड्याळावरचा पेसचा स्क्रीनच काढून टाका. हार्ट रेट बघा, नाहीतर त्याहून सोपं, शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता येतंय का ते बघा. नाही आलं तर हळू व्हा. किलोमीटरमागे अर्धा मिनिट, एक मिनिट जास्त लागलं तर लागू दे, शरीराचं ट्रेनिंग होतच असतं.

जगातल्या उत्तमातल्या उत्तम धावपटूंचंही हेच होतं. २०१९ ची ॲथलेटिक्सची वर्ल्ड चॅम्पियनशिप कतारमध्ये दोह्याला होती, बायकांची मॅरेथॉन २७ सप्टेंबरला मध्यरात्री सुरू केली, ऊन नाही काही नाही, तरी ३२ च्या आसपास तापमान आणि ७० टक्क्यांच्या वर आर्द्रता. ६८ जणी निघाल्या आणि फक्त ४० पोचल्या. जिंकलेल्या केनियन बाईला २ तास ३२ मिनिटं लागली, तीच बाई त्याच वर्षी जानेवारीत दुबईला २:१७ मध्ये धावली होती. चॅम्पियनशिपमध्ये डावपेच म्हणून हळू पळतात हे मान्य, पण पंधरा मिनिटं? आणि थंड हवेपेक्षा गरम हवेत हळू पळणाऱ्यांचा वेग जलद पळणाऱ्यांपेक्षा जास्त पडतो, कारण आपण रस्त्यावर जास्त वेळ असतो आणि ऊन चढत जातं. आपल्यासारख्या चार-साडेचार-पाच तासवाल्यांनी हे नीट लक्षात ठेवायला हवं.

पोटाचं पण थोडक्यात सांगते. रक्त पाय आणि कातडीकडे गेलं की सगळ्यात आधी कपात होते ती आतड्यांची. म्हणून थंडीत जे एनर्जी जेल छान पचतं तेच मे मध्ये मळमळ आणतं, पाणी पोटात डचमळत राहतं. त्याला "पित्त झालं" म्हणून सोडून देऊ नका, वेग कमी करा, पाच मिनिटं चाला, बहुतेक वेळा पोट परत कामाला लागतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. शरीराच्या बाकी सगळ्या तक्रारी माणसाला स्वतःला कळतात. धाप कळते, पेटके कळतात, चक्कर कळते. पण तापमान ४० च्या पुढे गेलं की ज्या मेंदूने "थांब" म्हणायचं तोच बिघडतो, आणि ते ज्याचं त्याला कळत नाही. ते शेजारच्याला कळायला हवं.

आमच्या ग्रुपमधल्या एका काकांचं उदाहरण सांगते, त्यांना विचारूनच लिहितेय. वय पन्नाशीच्या पुढे, कितीतरी वर्षं पळणारे, आमच्यातल्या निम्म्या लोकांपेक्षा फिट. खडकवासल्याच्या बाजूला लाँग रन होता, मेचा दुसरा पंधरवडा, ढगाळ आणि दमट. शेवटचे काही किलोमीटर काही तरुण मुलांनी वेग वाढवला आणि काका त्यांच्याबरोबर राहिले. मी मागे सायकलवर पाणी घेऊन होते. मला आधी दिसलं ते हे की काका रस्त्याच्या कडेने पळता पळता हळूहळू मधे सरकतायत, परत कडेला येतायत, परत मधे. जवळ जाऊन म्हटलं, "काका, बरं वाटतंय ना?" तर म्हणाले, "हो हो, कँटीन आली की थांबू." तिथे कसली कँटीन? मी म्हटलं, "काका थांबा जरा, पाणी घ्या," तर माझा हात झटकून "सोड मला" म्हणून ओरडले. हा माणूस कधी कुणाला अरे-तुरे करत नाही, मला तर कायम "ताई, तुम्ही". तिथेच माझ्या पोटात गोळा आला. अंगावरून घामाच्या धारा लागलेल्या होत्या आणि हात लावला तर अंग तापलेल्या तव्यासारखं.

नशीब असं की पन्नास-साठ पावलांवर एक रसवंती होती आणि मालकाने नुकतीच बर्फाची लादी उतरवून घेतली होती. आम्ही काकांना धरून सावलीत आडवं केलं, शर्ट काढला, पिंपातलं पाणी बादल्यांनी अंगावर ओतायला सुरुवात केली. रसवंतीवाल्या दादांनी एका शब्दाने काही न विचारता लादी फोडली, बर्फ झाकायची गोणपाटं त्या गार पाण्यात भिजवून काकांच्या छातीवर-मांड्यांवर टाकली, ती गरम झाली की उचलायची, परत बुडवायची, परत टाकायची. बर्फाचे तुकडे टॉवेलात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत. एक मुलगा पुठ्ठ्याने वारा घालत होता. एकीने तोवर १०८ ला फोन लावलेला. काही वेळाने काका डोळे उघडून म्हणाले, "मी इथे कसा आलो, ताई?" ते "ताई" ऐकून मला जे वाटलं ते मला लिहिता येणार नाही. अँब्युलन्स आली तेव्हा ते नीट बोलत होते.

यातल्या काही गोष्टी प्रत्येक पळणाऱ्याला पाठ असायला हव्यात. एक तर घाम येत होता. "उष्माघातात घाम बंद होतो, कातडी कोरडी पडते" हे आपण शाळेपासून ऐकतो, ते घरात किंवा उन्हात नुसतं बसून होणाऱ्या, विशेषतः म्हाताऱ्या माणसांच्या उष्माघाताचं लक्षण. पळताना होतो त्यात माणूस घामाने निथळत असू शकतो. घाम येतोय म्हणजे ठीक आहे असं समजून बसू नका. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये, बायकांची पहिलीच ऑलिंपिक मॅरेथॉन होती ती, स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस वाकड्या अंगाने लडखडत स्टेडियममध्ये आली, शेवटच्या ४०० मीटरला तिला पाच मिनिटांच्या वर लागली, आणि तिला घाम येतोय हे बघून डॉक्टरांनी तिला अडवलं नाही. सुदैवाने ती लवकर बरी झाली. पण तिचा तो व्हिडिओ दरवर्षी कुणीतरी "जिद्द असावी तर अशी" म्हणून फॉरवर्ड करतं तेव्हा मला मनापासून राग येतो. त्या धावपटूबद्दल मला आदरच आहे. पण लडखडणारा, वाकडा झालेला माणूस दिसला की टाळ्या वाजवायच्या नसतात, त्याला धरून थांबवायचं असतं.

दुसरं, आधी गार करा, मग हॉस्पिटल. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये फॅलमथला दर ऑगस्टमध्ये ७ मैलांची, म्हणजे सव्वाअकरा किलोमीटरची रेस असते. तिथल्या १८ वर्षांच्या नोंदी छापून आल्यात, २७४ जणांना उष्माघात झाला आणि सगळेच्या सगळे वाचले, कारण फिनिशजवळच बर्फाच्या पाण्याचे टब तयार असतात आणि माणसाला मिनिटांत त्यात घालतात. अर्ध्या तासाच्या आत तापमान खाली आणलं तर माणूस जवळजवळ नक्की वाचतो. आपल्याकडे गाडीत घालून ट्रॅफिकमधून न्यायची घाई होते आणि तो मोलाचा अर्धा तास सिंहगड रोडवर सिग्नलला जातो. अंतरही बघा, ती रेस हाफसुद्धा नाहीये. उष्माघात कमी अंतराच्या जोरात पळण्यात जास्त दिसतो, कारण उष्णता वेगाने तयार होते. "दहाच किलोमीटर तर आहे" हे वाक्य म्हणूनच मला आवडत नाही.

आपल्या घरांमध्ये "तापलेल्या अंगावर गार पाणी घालू नये" असं आजीपासून सगळे सांगतात. रोजच्या आंघोळीपुरतं ज्याने त्याने ठरवावं, पण बरळणाऱ्या, तोल गेलेल्या, तापलेल्या पळणाऱ्याच्या बाबतीत ते अजिबात ऐकू नका. जेवढं गार मिळेल तेवढं, जेवढ्या जास्त अंगावर तेवढं. खिशात कांदा ठेवून किंवा तळपायाला कांदा चोळून तापमान उतरत नाही. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ठसका लागून श्वासनलिकेत जाईल. क्रोसिन-बिसिन देऊ नका, हा ताप नाही, त्या गोळीचा इथे उपयोग नाही. आणि ते कपाळावर धरायचं बंदुकीसारखं थर्मामीटर घामाने ओल्या कपाळाचं तापमान सांगतं, आतलं नाही. ते ३७ दाखवतंय म्हणून निवांत होऊ नका, माणूस बोलतोय कसा ते बघा. नाव, वार, आपण कुठून निघालो, एवढं विचारलं तरी कळतं.

ऊन लागणं आणि उष्माघात यात फरक हाच. नुसतं थकून चक्कर, डोकेदुखी, मळमळ, गळाठलेलं अंग, पण डोकं ताळ्यावर, तर सावलीत पाय वर करून झोपवा, ओलं करा, घोट घोट ताक-सरबत द्या, बहुतेक जण अर्ध्या-पाऊण तासात उठून बसतात. डोकं ताळ्यावर नाही, तर एक सेकंद घालवू नका.

पाण्याकडे येते. यावर ग्रुपमध्ये भांडणं होतात म्हणून जरा सविस्तर. पाणी कमी पडणं वाईट हे सगळ्यांना माहितीये, पण जास्त पिणंही वाईट हे फार कमी जणांना पटतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनला ४८८ जणांचं रक्त तपासलं होतं आणि त्यातल्या १३ टक्के लोकांमध्ये सोडियम कमी निघालं. पळताना वजन वाढलेल्यांना, म्हणजे घामापेक्षा जास्त प्यायलेल्यांना, त्याचा धोका सगळ्यात जास्त होता. चार-पाच तास रस्त्यावर असणारे, प्रत्येक पॉइंटला थांबून बाटली संपवणारे, हे त्यात पहिले. सोडियम फार उतरलं तर मेंदूला सूज येते, माणूस दगावतो. आणि याची सुरुवातीची लक्षणं पण डोकेदुखी, मळमळ, गोंधळ हीच, त्यामुळे लोक आणखी पाणी पाजतात.

करायचं काय? स्वतःचा घाम मोजा, अगदी सोपं आहे. पळायला जायच्या आधी लघवी करून, कपडे काढून वजन करा, आल्यावर अंग पुसून परत करा. तासात ९०० ग्रॅम कमी झालं आणि मधे ३०० मिली पाणी प्यायलात, तर घाम झाला साधारण १.२ लिटर. हे मार्चमध्ये एकदा आणि मे अखेरीला एकदा करा, दोन वेगळे आकडे येतील. तेवढं सगळं पळतापळता भरून काढायचं नाही, ते पोटाला झेपतही नाही, तहान लागेल तसं प्यायचं, उरलेलं घरी येऊन. मात्र वजन वाढलेलं दिसलं तर प्रमाणाबाहेर प्यायलात हे नक्की.

मीठ प्रत्येकाच्या घामात वेगवेगळं असतं. एका लिटरमागे अर्ध्या ग्रॅमपासून दीड ग्रॅमच्या वरही सोडियम जातं. ज्यांची टोपी पांढरी होते, डोळ्यांत घाम गेला की चरचरतो, त्यांनी तासाच्या पुढच्या रनला मिठाचं काहीतरी घ्यावं. ओआरएस उत्तम, पण पाकिटावर जेवढ्या पाण्यात लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, लिटरचं पाकीट अर्ध्या बाटलीत ओतू नका. दुकानात ओआरएसच्या शेजारी जे गोड टेट्रापॅक असतात त्यांच्या मागचा तक्ता वाचा, बऱ्याच वेळा साखर भरपूर आणि सोडियम नावाला. शहाळं छान, मला फार आवडतं, पण त्यात पोटॅशियम जास्त आणि सोडियम कमी, त्यामुळे घामाची भरपाई एकट्या शहाळ्याने होत नाही, बरोबर काहीतरी खारं खा. आणि आपलं मीठ-जिरं घातलेलं ताक, मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत, कोकम, पन्हं यांच्यापुढे मला कुठलंही महागडं निळं पेय लागत नाही. रनच्या आधी गारेगार काही पिणंही कामाचं आहे, आतूनच थोडी उष्णता शोषली जाते.

चांगली बातमी अशी की शरीर शिकतं, आणि पटकन शिकतं. रोज तासभर, हळू, थोड्या उबेत पळालात तर दहा ते चौदा दिवसांत बराच बदल होतो. पहिल्या काही दिवसांतच रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, त्यामुळे हार्ट रेट खाली येतो. मग घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो, आणि त्यात मीठ कमी जातं, कारण घर्मग्रंथी मीठ परत ओढून घ्यायला शिकतात. दोन-तीन आठवडे एसीत बसून राहिलात तर हे सगळं परत उतरतं. हिंजवडीच्या ऑफिसांत दिवसभर १९-२० अंशांत बसणाऱ्यांनी म्हणून मार्चचे पहिले दोन आठवडे जपून घालवावेत, त्या दिवसांत इंटरव्हल (मधे दम घेत जोरात पळायचे तुकडे) नको, टेम्पो नको, रेस तर नकोच. जून-जुलैमध्ये माउलींची पालखी पुण्यातून निघून दिवे घाट चढते तेव्हा सत्तरीतले आजी-आजोबा डोक्यावर तुळस घेऊन चाललेले बघून आमच्यातले फिट लोक थक्क होतात. त्यांनी आयुष्यभर शेतात ऊन अंगावर घेतलेलं असतं, शिवाय ते चालत असतात, पळण्याच्या निम्म्याहून कमी उष्णता त्यांचं शरीर तयार करत असतं, आणि सावली दिसली की बसतात, अभंग म्हणतात, पाणी पितात, मग उठतात. दमाने चालण्यात त्यांना कुणाला कमीपणा वाटत नाही.

काही दिवस मात्र शूज घालायचेच नाहीत. अंगात कणकण असेल, आदल्या दिवशी जुलाब झाले असतील, रात्री झोप झाली नसेल, लग्नात दारू झाली असेल, तर उष्णता सोसायची ताकद खूप कमी झालेली असते, आणि उष्माघात झालेल्यांमध्ये यातलं काही ना काही वारंवार सापडतं. बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उन्हाळ्यात लांब पळू नका. आणि गुडघा दुखतो म्हणून रेसच्या सकाळी ब्रुफेनसारखी गोळी घेऊन निघणं थांबवा. पाणी कमी झालेल्या शरीरात किडनीचा रक्तपुरवठा आधीच कमी झालेला असतो, त्यात ही गोळी तो आणखी कमी करते.

रेस भरवणाऱ्यांकडूनही माझी अपेक्षा आहे. मार्चमध्ये सात वाजता हाफ सुरू करू नका, शेवटचा माणूस साडेनऊ-दहाला येतो. फिनिशला मेडलच्या टेबलाइतकंच महत्त्वाचं म्हणून पाण्याचा एक टब, बर्फ आणि दोन शिकवलेली माणसं ठेवा. शिकागोने ७ ऑक्टोबर २००७ ला हजारो लोक रस्त्यावर असताना उष्णतेमुळे मॅरेथॉन मधेच थांबवली होती. एवढी मोठी रेस थांबू शकते, तर आपलीही थांबू शकते.

उष्माघात होऊन गेलेल्यांनी बरं वाटलं म्हणून दोन दिवसांत परत पळायला येऊ नये. निदान आठवडाभर कुठलाच व्यायाम नाही, मग लिव्हर-किडनीच्या रक्ततपासण्या बघून डॉक्टर म्हणतील तेव्हा आधी चालणं, तेही गार वेळेला, आणि मग काही आठवड्यांत हळूहळू वाढवत. काकांनी ते सगळं पाळलं. आणि उष्माघात झालेला असो नसो, उन्हातल्या मोठ्या रननंतर लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, मांड्या सुजून कडक झाल्या, तर "पाणी कमी पडलं असेल" म्हणून घरी थांबू नका. स्नायू तुटून त्यातलं द्रव्य किडनीत जात असतं, त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि तिथे गेल्यावर किती उन्हात किती किलोमीटर पळलात ते आधी सांगा.